शनिवारी अमेरिकन फुटबॉल, रविवारी सॉकर: एका रात्रीत मैदान कसं बदलायचं

अमेरिकेत विद्यापीठाच्या एकाच कृत्रिम हिरवळीवर कधी कधी कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल आणि व्यावसायिक सॉकर (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो ते) दोन्ही चालतात. सिनसिनाटी विद्यापीठाच्या निपर्ट स्टेडियममध्ये २०१६ ते २०२० एफसी सिनसिनाटी या सॉकर क्लबचे घरचे सामने होत.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०९.७ × ४८.८ मीटर, सॉकरचं साधारण १०५ × ६८. लांबी पुरते, पण रुंदीत दोन्ही बाजूंना ९.६ मीटर जादा लागतात आणि खोलगट स्टेडियममध्ये गाडं अडतं ते कोपऱ्यांत. निपर्टमध्ये त्यासाठी खालच्या काही खुर्च्या काढाव्या लागल्या. म्हणून आधी चारही कोपऱ्यांत टेप लावून बघा. कॉर्नर घेणाऱ्याला धाव घ्यायला जागा उरलीच पाहिजे.

पुसायला मधल्या बोधचिन्हापासून आणि एंड झोनपासून (अमेरिकन फुटबॉल मैदानाच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांपासून) सुरुवात करा. रंग सर्वांत जाड तिथेच असतो. रंगाच्याच कंपनीचं रिमूव्हर फवारा, डब्यावर लिहिलेला वेळ ते ओलं ठेवा, फिरत्या ब्रशने घासा, पाणी मारा आणि मळकं पाणी लगेच मशीनने ओढून घ्या. हे शेवटचं टाळलं की सुटलेला रंग हिरवळीच्या पात्यांच्या बुडाशी बसतो आणि दिव्यांच्या उजेडात जुन्या रेषा भुतासारख्या उमटतात. पाण्याचा फवारा फार जवळून मारू नका, पात्यांमध्ये भरलेले रबराचे दाणे उडतात. सामना संपल्या संपल्या कामाला लागा. रंग जितका जुना, तितका चिवट.

आता आखणी. कापडी टेप ताणला की वाढतो, स्टीलचा घ्या. मध्यरेषेवरून काटकोन पाडायला ३०-४०-५० मीटरचा त्रिकोण दोरीने आवळा. मग दोन्ही कर्ण मोजा: १२५.१० मीटर यायला हवेत. फरक दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त दिसला तर खुंट्या हलवा, रंगाला हात लावू नका. पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत, हमखास चूक होते. १६.५ मीटर गोलखांबाच्या आतल्या कडेपासून मोजायचे. बाहेरच्या कडेपासून मोजले की चौकट दोन्ही बाजूंना खांबाच्या जाडीइतकी फुगते. एकूण रुंदी ४०.३२ भरली की बरोबर. गोलरेषा खांबाच्या जाडीइतकीच, कमाल १२ सेंटिमीटर.

इथे फक्की चालत नाही, ती दाण्यांत मिसळून थर घट्ट करते. धुऊन निघणारा रंगच वापरा आणि एकदाच जाड मारण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन दिशांनी पातळ हात द्या, म्हणजे पात्याच्या दोन्ही अंगांना लागतो.

अमेरिकन फुटबॉलचे उंच खांब काढून त्यांच्या खड्ड्यांवर झाकण घट्ट बसवा, वर हिरवळीचा तुकडा समतल आहे ना ते पायाने चाचपा. सॉकरचे गोल मागच्या दांडीवर वजन ठेवून पक्के करा. क्रॉसबारला लोंबकळून कुणी गोल अंगावर ओढून घेतला तर जीव जातो, त्यामुळे सरावासाठी संघ येण्याआधी प्रत्येक गोल दोघांनी हलवून पाहायचाच.