जुन्या सॅम्पलरमधला ठेका सुट्या ट्रॅकांत संगणकावर कसा उतरवावा

आकाईच्या एमपीसी २०००एक्सएलसारख्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज साठवून रबरी पॅडवर बोट मारून वाजवायच्या यंत्रात, बसवलेला ठेका संगणकावर न्यायचा म्हटले की, फ्लॉपीवरून आवाजांच्या फायली काढून त्या संगणकात पुन्हा मांडाव्यात, असा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्याने बहुधा तसे स्वतः कधी केलेले नसते. एका फ्लॉपीवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झचा मोनो आवाज जेमतेम १६ सेकंद मावतो, ही अडचण बाजूला ठेवली तरी पॅडवर लावलेला फिल्टर, बदललेली पट्टी आणि यंत्राच्या आउटपुटमधून आवाजाला येणारा भरीवपणा फायलींबरोबर येत नाही. म्हणून ठेका यंत्रावर वाजवावा आणि आउटपुटमधून एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करावा.

आधी सगळे सेव्ह करावे. ‘ऑल’ फायलीत फक्त सीक्वेन्स (कोणता पॅड केव्हा वाजतो त्याची नोंद) आणि गाणी जातात. प्रोग्रॅम (कोणत्या पॅडवर कोणता आवाज ते) ‘एपीएस’ फायलीत आणि आवाज तिच्यासोबतच्या सुट्या फायलींत जातात, त्यामुळे दोन्ही करावे लागते. या यंत्राची मेमरी वीज गेल्याक्षणी कोरी होते आणि वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात वीज सांगून जात नाही. फ्लॉपीवर विसंबू नये. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फ्लॉपीच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात आणि अशी एक फ्लॉपी घातली की ड्राइव्हचे हेडही घाण होते. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा यूएसबी फ्लॉपी एम्युलेटर बसवून घ्यावा. यंत्र जपानहून आणलेले असेल, तर ते १०० व्होल्टचे असण्याची दाट शक्यता असते. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

आवाज सुटे करण्यासाठी बाकीचे ट्रॅक म्यूट करून एकेक ट्रॅक वाजवण्याची पद्धत सोपी दिसते, पण ती टाळावी. एका पॅडने दुसऱ्याचा आवाज तोडावा अशा जोड्या आपण लावलेल्या असतात. बंद हाय-हॅटने उघडी हाय-हॅट तुटते. मी ढोलकीचा लांब घुमारा पुढच्या थापेने तोडतो. जोडीतला एक ट्रॅक म्यूट केला की दुसरा मोकाट वाजत राहतो आणि ठेक्याची चाल ढेपाळते. त्याऐवजी मिक्सरच्या पानावर प्रत्येक पॅडला स्वतंत्र आउटपुट नेमून द्यावा आणि सगळे ट्रॅक चालू ठेवावेत. यंत्राला आठ सुटे आउटपुट आणि आठ इनपुटांचा इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) असेल, तर बहुतेक ठेके एकाच फेरीत उतरतात आणि पुढची डोकेदुखी बरीचशी वाचते.

बहुतेकांकडे मात्र दोन इनपुटांचाच इंटरफेस असतो, आणि खरी परीक्षा तिथे असते. एका दहीहंडीच्या आधी मी बारा आवाजांचा ठेका दोन-दोन करून सहा फेऱ्यांत उतरवला होता. संगणक मुख्य, यंत्र मिडी क्लॉकवर, म्हणजे संगणकाने लयीसाठी पाठवलेल्या ठोक्यांवर, त्याच्या मागे, अशी रचना होती, कारण सगळीकडे तसेच सांगितलेले असते. प्रत्येक फेरीची सुरुवात तपासली, ती जुळली, आणि मी निर्धास्त झालो. पहाटे सगळे एकत्र ऐकले तेव्हा मध्यावर कुठेतरी किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा ठोका) आणि हलगी मिळून एका थापेच्या दोन थापा ऐकू येत होत्या. पुढे काही आवर्तने ठीक, मग पुन्हा तेच. ट्रॅक पुढे-मागे सरकवून ते सुधारेना, कारण चूक एका जागी नव्हती.

कारण नंतर लक्षात आले. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके पाठवतो. १२८ च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये साधारण १९.५ मिलिसेकंद जातात. यंत्र स्वतः मात्रेचे ९६ भाग करते, म्हणजे मधले भाग ते आलेल्या ठोक्यांवरून अंदाजाने भरते. संगणकाकडून, त्यातही स्वस्त यूएसबी केबलमधून, ठोके किंचित अडखळत येतात आणि हे अडखळणे प्रत्येक फेरीत निराळे असते. ज्या स्विंगसाठी, म्हणजे दर दुसरा सोळांश (मात्रेचा चौथा हिस्सा) किंचित उशिरा पाडून येणाऱ्या झोकासाठी, आपण हे यंत्र वापरतो, त्यावरच हा घाव बसतो: ६६ टक्के स्विंगमध्ये दुसरा सोळांश २४ ऐवजी ३२ व्या भागावर पडतो, आणि तो ३२ वा भाग दर फेरीला हलत असेल, तर स्विंग लावून उपयोग काय?

म्हणून माझे ठाम मत असे की यंत्राला कोणाच्याही मागे लावू नये. मिडी/सिंकच्या पानावर सिंक (बाहेरच्या घड्याळाशी जुळवणी) बंद करून यंत्र स्वतःच्या घड्याळावर चालवावे. मग प्रत्येक फेरी सारख्याच गतीने वाजते आणि फरक उरतो तो फक्त सुरुवातीच्या जागेचा. तो मिटवण्यासाठी ठेक्यात एक खुणेचा ट्रॅक घालावा: प्रत्येक आवर्तनाच्या समेवर एक रिमशॉट (ड्रमच्या कडेवर काठी मारल्याचा टणक आवाज), त्याला स्वतंत्र आउटपुट, आणि तो आउटपुट प्रत्येक फेरीत इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला. खुणेसाठी किक घेऊ नये. खर्जाची लाट हळू चढते आणि मोठी करून पाहिली तरी तिचा आरंभ नेमका दिसत नाही. रिमशॉटचे टोक सुईसारखे उभे राहते. एक इनपुट खुणेत गेल्यामुळे फेऱ्या दुप्पट होतात आणि कंटाळा येतो. तरीही ही काटकसर करू नये. प्रत्येक फेरीची खूण आणि आवाज एकत्र बांधून पहिल्या फेरीच्या खुणेवर आणावेत आणि पहिली, मधली व शेवटची सम मोठी करून पाहावी. शेवटची सम पाहिल्याशिवाय केबल काढू नये.

संगणकातली लय यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावरून लावू नये. खुणेच्या पहिल्या समेपासून पासष्टाव्या समेपर्यंत, म्हणजे ६४ आवर्तनांच्या २५६ मात्रांचे अंतर मोजावे. १२८ च्या लयीत ते १२० सेकंद भरायला हवे; समजा ११९.९६ भरले, तर १५,३६० ला त्याने भागून खरी लय १२८.०४३ येते, आणि तीच संगणकात लिहावी. त्याआधी रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर एबलटन लाइव्ह असेल तर त्यात वॉर्प (आवाज लयीप्रमाणे ताणण्याची सोय) बंद करावा आणि रीपर असेल तर टाइमबेस ‘टाइम’वर ठेवावा, नाहीतर लय बदलताच आवाजच ताणले जातील.

बाकीचे किरकोळ आहे. रेकॉर्डिंग २४ बिटांत ठेवावे, आवाजाची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास असावीत. घरघर येत असेल, तर यंत्र, संगणक आणि इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत; नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत मी राहत होतो तेव्हा अर्थिंगच नव्हते आणि लॅपटॉपचा चार्जर काढून रेकॉर्ड करणे एवढाच इलाज होता.

काम संपल्यावर खुणेचा ट्रॅक म्यूट करावा, पण पुसू नये. चार महिन्यांनी एखादा आवाज पुन्हा उतरवावा लागतो, तेव्हा त्याला बसवायला दुसरी जागा नसते.