फ्रॅक्शनल कंपनीत होम बेस बदलायचा असेल तर

अमेरिकेत फ्रॅक्शनल कंपनीत, म्हणजे हिश्श्यांत विकलेली खासगी जेट चालवणाऱ्या कंपनीत, पायलट म्हणून लागलेली आपल्या नाशिककडची मुलं मला हमखास विचारतात, "ताई, होम बेस बदलून मिळतो का?" मिळतो. पण अर्ज करण्याआधी हा बेस नेमका कशासाठी असतो ते समजून घ्या.

एअरलाइनच्या बेसवरून तुमची फ्लाइट निघते. इथे तसं नाही. एका जेटचे अनेक मालक, सोळाव्या हिश्शापर्यंतचे सुद्धा. नेटजेट्सनं १९८६ मध्ये ही पद्धत आणली. मालकाला हवं तिथे जेट जातं. म्हणून टूरच्या, म्हणजे सलग ड्युटीच्या दिवसांच्या, पहिल्या दिवशी कंपनी होम बेसवरून तुमचं तिकीट काढते, जेट असेल त्या गावी पोचवते आणि टूर संपल्यावर परत आणून सोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंपनीनं काढलेल्या तिकिटावरचा प्रवास रेस्टमध्ये, म्हणजे ड्युटीआधीच्या सक्तीच्या विश्रांतीत, धरता येत नाही, असं अमेरिकन विमान-नियमांच्या भाग ९१ मधल्या 'के' उपभागात स्पष्ट लिहिलंय. घरून बेसला जाणं मात्र सर्वस्वी तुमच्या गळ्यात. साध्या ड्युटीआधी १० तास रेस्ट लागते. त्यातले तीन तास गाडी चालवण्यात गेले, तर कागदावर रेस्ट पूर्ण आणि तुम्ही मात्र दमलेले. मनमाडला राहून रोज पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गेल्या खेपेला इंदिरानगरचा एक मुलगा घरी आला होता. बायकोला मॅडिसनला नोकरी लागलेली, त्यामुळे त्याला शिकागोचा ओहेअर बेस घ्यायचा होता. नकाशावर जवळच वाटतं. पण ते अंतर आहे दोनशे किलोमीटरच्या वर, आणि जानेवारीत बर्फ. मी त्याला लॅपटॉप उघडायला लावला. मॅडिसनहून पहाटेचं पहिलं विमान किती वाजता, रात्री शेवटचं किती वाजता उतरतं, एक रद्द झालं तर पुढचं कधी, हे आम्ही ओळीनं लिहून काढलं. ओहेअरला विमानांची रीघ, पण घर लांब. मॅडिसनला घर जवळ, पण रात्रीचं शेवटचं चुकलं की मुक्काम वाटेतच. त्यानं कंपनीच्या यादीत मिलवॉकी आहे का ते पाहिलं. होतं. घरापासून सव्वाशे किलोमीटर. तेच मागायचं ठरलं. तुम्हीही हा तक्ता करा, आणि हिवाळ्याचं वेळापत्रक धरून करा.

अर्जाचं काम त्या मानानं सोपं. यादीत नसलेला विमानतळ सहसा मिळत नाही, त्यामुळे आधी ताजी यादी मागवा. काही ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि सिनियॉरिटीनं वाटल्या जातात, काही ठिकाणी नुसती विनंती पुरते. तुमचा करार काय म्हणतो ते वाचा. युनियन असेल तर तिच्या माणसाला एक फोन करा. मागणी लेखीच द्या, आणि बदल कोणत्या तारखेपासून लागू होणार तेही लेखी घ्या. तो बहुधा पुढच्या रोस्टरपासून, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकापासून, लागू होतो. मधे सिम्युलेटर ट्रेनिंग किंवा नव्या जेटवर जाणं ठरलेलं असेल तर ते सांगूनच टाका. होकार हातात पडेपर्यंत घराचा भाडेकरार करू नका. शेड्युलिंगवाला फोनवर "हो जाईल" म्हणाला, एवढ्यावर सामान बांधणं मला मुळीच पटत नाही.

घर बदललं की ३० दिवसांत एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याला, नवा कायमचा पत्ता कळवायचा. तो कळवला नाही तर त्यानंतर लायसन्स वापरता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर इमिग्रेशन खात्याला १० दिवसांतच.

आईवडील नाशिकला असतील तर तक्त्यात अजून एक रकाना वाढवा: अचानक यावं लागलं तर बेसवरून मुंबई किंवा दिल्ली किती टप्प्यांत? दिल्लीहून नाशिकच्या ओझर विमानतळाला विमान आहे, मुंबईहून कसारा घाटानं गाडी. माझ्या मते हा रकाना पगारातल्या फरकापेक्षा मोठा आहे.

बदल लागू झाल्यावर पहिलं रोस्टर आलं की तिकिटावर निघण्याचा विमानतळ नवाच आहे ना ते पाहा, आणि जुना दिसला तर त्याच दिवशी शेड्युलिंगला कळवा.