क्रीमी टोमॅटो-कोळंबी पास्ता करताना या चुका टाळा

गोव्यातल्या बहुतेक घरांत कोळंबी शिजवण्याचा हात तयार असतो आणि पुष्कळदा तोच हात हा पास्ता बिघडवतो. हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, वाटण उकळते, त्यात कोळंबी पडते आणि सगळे एकाच भांड्यात शिजून निघते. या सॉसमध्ये मात्र टोमॅटोला भरपूर वेळ लागतो, कोळंबीला मोठी आच हवी असते पण ती दोन-तीन मिनिटांपुरतीच, आणि क्रीमला आच जवळजवळ नकोच असते. तिन्ही एकत्र उकळले की कोळंबी चिवट होते, क्रीम फुटते आणि टोमॅटोचा कच्चेपणा तसाच राहतो. पुढील विवेचनात चार माणसांसाठी ४०० ग्रॅम पास्ता, सोललेली ४०० ग्रॅम कोळंबी, ७०० ग्रॅम टोमॅटो आणि २०० मिलिलिटर क्रीम असे प्रमाण धरले आहे.

कोळंबी : ओलावा आणि वेळ

पहिली चूक बाजारातच होते. डोके सैल झालेली, सालीवर काळे डाग पडलेली किंवा नाकाला झोंबणारा वास येणारी कोळंबी तिखट-आंबट हुमणात एखादे वेळी खपून जाते; क्रीमच्या सौम्य सॉसमध्ये तो वास लपत नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, तेव्हा खाजनातली (भरतीचे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल जमिनीतली) आणि नदीतली लहान कोळंबी किंवा गोठवलेली पाकिटे यांवर भागवावे लागते. लहान कोळंबी चवीला उत्तम असते, पण ती एका मिनिटाच्या आत शिजते. गोठवलेली कोळंबी गरम पाण्यात टाकून सुटी करू नये. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, आणि घाई असेल तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात बुडवावी.

साफ केलेली कोळंबी ओलीच तव्यात टाकणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ओल्या कोळंबीला पाणी सुटते, तव्याची उष्णता ते पाणी आटवण्यात खर्च होते, आणि कोळंबी परतली न जाता उकडली जाते. स्वच्छ फडक्याने ती कोरडी टिपावी, मीठ तव्यात टाकण्याच्या क्षणीच लावावे आणि एका वेळी एकच थर मावेल एवढीच घ्यावी. मध्यम आकाराच्या कोळंबीला प्रत्येक बाजूस मिनिट-दीड मिनिट पुरते. पाठीवर काळा दोरा काढण्यासाठी जिथे चीर दिलेली असते, तिथल्या जाड मांसाकडे लक्ष ठेवावे : करडा, काचेसारखा रंग जाऊन तेथे पांढुरकेपणा आला की शेपटीचा बाक अर्धगोल असतानाच कोळंबी ताटलीत काढून घ्यावी. शेपूट डोक्याच्या बाजूला टेकून पूर्ण वाटोळे झाले म्हणजे वेळ टळली. अशी चिवट कोळंबी पुन्हा मऊ होत नाही. तिचे बारीक तुकडे करून सॉसमध्ये मिसळावेत, म्हणजे निदान चघळावी लागत नाही.

लिंबू किंवा व्हिनेगर लावून तासभर मुरवत ठेवणेही टाळावे, कारण आंबटाने मांस आधीच घट्ट होते. डोकी आणि साली टाकून देणे ही तर माझ्या मते चूक नव्हे, उधळपट्टी आहे. त्या थोड्या तेलात लालसर होईपर्यंत परताव्यात, दोन वाट्या पाणी घालून पंधरा-वीस मिनिटे उकळाव्यात आणि गाळून घ्याव्यात. हे पाणी टोमॅटोत आटवले की सॉसला कोळंबीची चव येते. एरवी कोळंबी नुसती वर पसरलेली राहते.

टोमॅटो आणि क्रीम

बेळगावहून येणारे जाड सालीचे टोमॅटो टिकाऊ असतात, पण त्यांत पाणी पुष्कळ आणि गोडवा कमी असतो. त्यांची कच्ची प्युरी करून पाच मिनिटांत क्रीम ओतले, तर सॉस फिकट गुलाबी, फेसाळ आणि आंबट होतो. लसूण मंद आचेवर जेमतेम सोनेरी करावी (करपली तर तेलासकट टाकून नव्याने सुरुवात करावी, कारण तो कडवटपणा क्रीमने झाकला जात नाही) आणि त्यावर टोमॅटो वीस-पंचवीस मिनिटे आटवावा. कढईच्या तळावरून डाव ओढल्यावर क्षणभर तळ दिसला आणि कडेला तेल सुटले, की टोमॅटो शिजला. तरीही आंबट लागला तर आधी चिमूटभर साखर घालून पाहावी. त्यानेही भागले नाही तर अगदी किंचित खाण्याचा सोडा घालावा आणि फेस बसू द्यावा. हे सारे क्रीमच्या आधी. केचपचा आधार मात्र घेऊ नये.

रेशाद मसाल्याचा, म्हणजे गोव्यातल्या लाल मिरचीच्या वाटणाचा, एक चमचा या सॉसला छान लागतो, पण त्यात व्हिनेगर असते. तो शेवटी क्रीममध्ये कालवला तर सॉस फुटण्याची शक्यता वाढते. मसाला लसणीबरोबर तेलातच परतावा आणि व्हिनेगरचा उग्र वास गेल्यावर टोमॅटो घालावा.

क्रीम का फुटते, हे सोलकढी करणाऱ्याला सांगावे लागू नये : नारळाचा रस आणि आमसुलाचा आंबटपणा एकत्र असल्यामुळेच ती कोणी गॅसवर उकळत नाही. येथेही आम्ल आणि उष्णता एकत्र आली की दुधातील प्रथिने गोळा होतात. शिवाय आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, तर परदेशी पाककृतींत गृहीत धरलेले हेवी क्रीम ३६ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून दाट असते आणि उकळीला अधिक दाद देत नाही. त्यामुळे ती कृती जशीच्या तशी पाळली तरी आपला सॉस फुटू शकतो. क्रीम आधी बाहेर काढून त्याचा गारवा घालवावा, गॅस बंद करावा, क्रीममध्ये दोन चमचे गरम टोमॅटो मिसळावा आणि मग ते मिश्रण ढवळत कढईत ओतावे. पास्ता उकळलेले पिठूळ पाणी अर्धी वाटी आधीच घातलेले असेल, तर त्यातील स्टार्चमुळे सॉस सांभाळला जातो. एवढे करूनही तो फुटलाच, तर कोळंबी घालण्यापूर्वी त्यात थोडे पिठूळ पाणी घालून हँड ब्लेंडर फिरवावा. बहुतेक वेळा सॉस पुन्हा एकजीव होतो.

पास्ता आणि उरलेले काही

पास्ता पाकिटावर ड्यूरम गव्हाचा रवा लिहिलेला असावा. मैद्याचा पास्ता सॉसमध्ये लगदा होतो. चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालावे, पाकिटावरील वेळेच्या एक-दोन मिनिटे आधी पास्ता काढावा आणि नळाखाली धुऊ नये. चीज घालायचेच असेल तर थोडेच घालावे. इटलीत माशांच्या पास्त्यावर ते सहसा घालत नाहीत, आणि येथे ते कोळंबीवर मात करते. पांढऱ्या वाइनच्या जागी घरातली पोर्ट वाइन ओतू नये, सॉस गोडमिट्ट होतो.

पास्ता सॉसमध्ये मिनिटभर घोळवून झाल्यावर ताटलीत काढलेली कोळंबी, तिच्या सुटलेल्या रसासकट, अगदी शेवटी मिसळावी. उरलेला पास्ता आपल्या दमट उकाड्यात ओट्यावर ठेवू नये, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी गरम करताना कोळंबी वेचून बाजूला काढावी, पास्ता थोड्या दुधासह मंद आचेवर सैल करावा आणि तो वाफाळल्यावर कोळंबी त्यात घालून तीही आतपर्यंत गरम होईल एवढाच वेळ झाकण ठेवावे.