बीएफएचं पहिलं वर्ष : पेन्सिलपासून मातीच्या हेडपर्यंत काय, कसं करायचं

बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, कलेची पदवी. तिची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी झाली, कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) झाले, सीट मिळाली की मुलांचे मेसेज सुरू होतात, दादा सामान काय घेऊ, कुठल्या ब्रँडचे ब्रश, ईझल आत्ताच घेऊ का. सामानाचं पुढे सांगतोच, पण त्याच्या आधी एक गोष्ट मनापासून सांगायचीये. ड्रॉइंग एक विषय आणि स्कल्प्चर दुसरा विषय असं मनात धरून शिकायला लागू नका. कागदावर काय आणि मातीत काय, तुम्ही शिकता ती एकच गोष्ट, समोरच्या वस्तूला वजन आहे, जाडी आहे, तिची एक मागची बाजू आहे जी आत्ता दिसत नाहीये पण आहे. हे ज्याला फाउंडेशनमध्ये कळलं त्याला पुढे पेंटिंग घेऊ दे नाहीतर अप्लाइड (जाहिरात, डिझाइनची कला), काम उभं राहतं.

आधी थोडं कॉलेजबद्दल, ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांच्यासाठी. बीएफए चार वर्षांचं, पहिलं वर्ष फाउंडेशन, त्यात ड्रॉइंग, कलर, टू डी, थ्री डी, प्रिंटमेकिंग असं सगळं थोडं थोडं असतं, आणि मग स्पेशलायझेशन. मुंबईचं सर जे.जे. 1857 सालचं, 2023 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॉलेजं आहेत, पुण्यात अभिनव, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज, गोव्याचं पणजीत आल्तिनोवर. बाहेर जायची तयारी असेल तर बडोदा आणि शांतिनिकेतन. अ‍ॅडमिशनचे नियम कॉलेजप्रमाणे वेगळे असतात आणि बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी सांगण्यावर जाऊ नका, ज्या त्या कॉलेजची या वर्षीची नोटीस स्वतः वाचा. आणि नावापेक्षा एक गोष्ट जाऊन बघा, तिथला स्कल्प्चरचा स्टुडिओ संध्याकाळी उघडा असतो का, मुलं कॉलेज सुटल्यावर काम करत बसतात का.

सामान. पहिल्या दिवशी लागतं ते फार थोडं. एचबी, टूबी, फोरबी, सिक्सबी पेन्सिली, चारकोलच्या काड्या, नीडेबल रबर (हाताने मळता येणारं मऊ खोडरबर), कटर, हाफ इम्पीरियल (साधारण 15 बाय 22 इंचांचा कागद) बसेल असा बोर्ड, दोन मोठ्या क्लिपा, कार्ट्रिज पेपर, आणि भरपूर न्यूजप्रिंट. न्यूजप्रिंट स्वस्त असतो म्हणून हात सुटतो, महागड्या कागदावर सुरुवात केली की मुलं घाबरत घाबरत रेघ ओढतात. कलर, ब्रश वगैरे सर असाइनमेंट देतील तसं घ्या. ईझल कॉलेजात असतं.

आता ड्रॉइंग. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा ए ग्रेडने पास झालेली मुलं येतात तेव्हा हाताला एक सवय लागलेली असते, आधी बारीक आउटलाइन, मग आत गुळगुळीत शेडिंग, बोटाने नाहीतर कापसाने घासून. परीक्षेला ते चालतं. इथे ते सोडावं लागेल. उभं राहून काढा, हात खांद्यातून हलू दे, आणि पहिल्या दहा मिनिटांत पूर्ण वस्तूची जागा कागदावर लागली पाहिजे, माठाच्या कडेची चकाकी शेवटच्या दिवशी सुद्धा काढता येते. माप घ्यायची पद्धत सगळ्यांना माहीत असते पण नीट कुणी करत नाही : हात कोपरात अजिबात न वाकवता पूर्ण ताणायचा, एक डोळा बंद, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एक माप, आणि ते माप दुसऱ्या मापाशी ताडून बघायचं, माठाच्या रुंदीत उंची किती वेळा बसते असं. कोपर वाकलं की माप गेलं. दोन वस्तूंच्या मधली जी रिकामी जागा असते तिचा पण आकार बघा, तो आकार चुकला तर दोन्ही वस्तू चुकल्यात. आणि दर पंधरा मिनिटांनी मागे जाऊन बघायचं, डोळे बारीक करून, म्हणजे बारकावे जातात आणि फक्त उजेड-अंधार राहतो.

शेडिंग करताना रेघा फॉर्मच्या अंगाने जाऊ द्या. गाल वळतो तिकडे रेघ वळली पाहिजे. हे करताना तुम्ही मनातल्या मनात त्या गालावरून हात फिरवत असता, आणि मातीचं काम खरं तर इथेच सुरू होतं.

स्केचिंग रोज. स्टेशन, एसटी स्टँड, मंडई, जिथे माणसं थांबतात पण पोझ देत नाहीत. झोपलेला पॅसेंजर मिळाला तर उत्तम, नाहीतर एक-दोन मिनिटांत माणूस हलणारच, म्हणून आधी मणक्याची रेघ, मग खांदा आणि कंबर यांचा तिरकेपणा, मग पाय कुठे टेकलेत ते, चेहरा राहिला तरी चालेल. मुंबईत असाल तर सीएसएमटीला फक्त प्रवासी काढून परत येऊ नका, वर मान करून त्या इमारतीवरचं कोरीवकाम बघा, तिथल्या सजावटीच्या कामात त्या काळच्या जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. चालत गेलात तर क्रॉफर्ड मार्केट जवळच, तिथल्या दारावरची रिलीफ (सपाट पाटीवरून थोडंसंच वर उठलेलं शिल्प) लॉकवुड किपलिंगची, तो जे.जे.त शिकवायचा. रिलीफ कसं वाचायचं ते तिथे उभं राहून दोन-चार स्केचेस केली की कळतं, कारण उन्हाची दिशा बदलली की तेच रिलीफ वेगळं दिसतं. कोल्हापूरवाल्यांना पंचगंगेचा घाट आहेच, तिथे कुठे बसावं हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

फाउंडेशनला मातीचं पहिलं काम बहुतेक रिलीफचं असतं, एखादं पान, फळ, नाहीतर प्लास्टरचं नाक-कान समोर ठेवून. रिलीफमध्ये खोली दाबायची असते. समोरची वस्तू सहा इंच खोल आहे आणि तुमच्याकडे एकच इंच आहे, तर त्या एका इंचात पुढचं पुढे आणि मागचं मागे हा क्रम टिकला पाहिजे. बरीच मुलं सपाट पाटीवर कडा खोदून ड्रॉइंगच काढतात. खोदू नका, माती लावत या. आणि अंडरकट, म्हणजे आत वळलेली खाच, ठेवू नका, मोल्ड (साचा) अडकतो.

मग येतं हेड, म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं डोकं मातीत करणं. याच्यावर जास्त लिहितो कारण इथे मुलं सगळ्यात जास्त अडकतात.

माती लावायच्या आधी मॉडेलची ड्रॉइंग करा, समोरून, दोन्ही प्रोफाइल, पाऊण बाजूने, आणि मागून. हो, मागून पण. मग आर्मेचर, म्हणजे माती पेलणारा आतला सांगाडा. जाड प्लाय, त्यावर मधोमध पाइप घट्ट बसवलेला, वर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड तारेचा डोक्याच्या आकाराचा पण त्याहून बराच लहान फुगा, आणि त्याच्या आत बाइंडिंग वायरने लटकवलेले लाकडाचे छोटे क्रॉस, त्यांना बटरफ्लाय म्हणतात, माती घसरून खाली येऊ नये म्हणून. लाइफ साइझ हेडला पंधरा-वीस किलो माती सहज जाते, तेवढं वजन पेलायचंय हे लक्षात ठेवून बांधा, नाहीतर चार दिवसांनी मान एका बाजूला झुकते. तार कुठेही पृष्ठभागाच्या जवळ येता कामा नये, कान लावताना बाहेर आली तर सगळं सोलावं लागतं.

शाडू नीट मळून घ्या, खडे आणि हवा काढा. पहिले थर अंगठ्याने दाबून दाबून, मग लाकडी थापीने ठोकून मोठे प्लेन (सपाट पृष्ठभाग) पाडा, कपाळाचं, गालाचं, जबड्याचं. कॅलिपरने (दोन वाकड्या पायांचं माप घ्यायचं साधन) मापं घ्या : हनुवटी ते भुवई, कानापासून कानापर्यंत, कपाळापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत. हे शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण नवीन मुलांचं डोकं मागे कापल्यासारखं असतं, चेहऱ्याचा मुखवटा छान आणि मागे कवटीच नाही. डोळे टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या साधारण मध्यावर येतात, कान भुवई आणि नाकाच्या तळाच्या मध्ये, आणि मान सरळ खांबासारखी नसते, खांद्यातून पुढे झुकून वर येते. टर्नटेबल सारखं फिरवत राहा, एका बाजूला दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, मॉडेलला पण तेवढंच फिरवा. मधूनच स्टुलावर चढून वरून बघा, वरून कवटीचा आकार दिसतो आणि चेहरा किती वाकडा झालाय ते लगेच समजतं. पापण्या, ओठांच्या कडा, केस, हे सगळ्यात शेवटी. टूलने गुळगुळीत करायचा मोह होतो, नका करू, अंगठ्याचे ठसे राहिले तर राहू दे, फॉर्म बरोबर असेल तर ते सुंदरच दिसतात.

काम थांबवताना ओलं सुती कापड (जुनं धोतर सगळ्यात चांगलं) आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधून. कापड पिळून घ्या, टपकणारं पाणी नाक-ओठ धुऊन नेतं. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाणार असाल तर कुणाला तरी पाणी मारायला सांगून जा.

मातीच्या कामाचं प्लास्टरमध्ये कास्टिंग करायला पहिल्यांदा वेस्ट मोल्डच करा. यात मोल्ड फोडूनच काम बाहेर काढतात, म्हणजे कॉपी एकच निघते, पण प्लास्टर म्हणजे काय ते यात शिकता तेवढं कशात नाही. कानांच्या मागून टाळूवरून जाणारी एक रेघ आखा आणि त्यावर पातळ पत्र्याच्या नाहीतर जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या खोचून हेडचे दोन भाग करा. प्लास्टर कालवताना आधी पाणी, मग त्यात पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) हाताने भुरभुरवत टाकायचं, पाण्याच्या वर छोटी छोटी बेटं दिसायला लागली की थांबायचं, आपोआप भिजू द्यायचं आणि मगच हळूच ढवळायचं. उलटं, म्हणजे पीओपीत पाणी ओतलं की गुठळ्या होतात. घट्ट व्हायला लागलेल्यात परत पाणी टाकू नका, ते प्लास्टर नंतर भुगा होतं.

पहिला थर रंगीत, पाण्यात थोडी गेरू नाहीतर नीळ टाकून, हाताने उडवत उडवत सगळ्या खोबणींत गेला पाहिजे. तो सेट झाला की वरून मातीचं पातळ पाणी फिरवा आणि मग पांढरा जाड थर, काथ्या घालून. पूर्ण सेट झाल्यावर सांध्यावर पाणी सोडत लाकडी पाचर हळूहळू ठोका, मोल्ड उघडतो. माती काढा, आतून स्वच्छ धुवा, साबणाच्या पाण्याचे हात मारा, आतून चकचकीत दिसेपर्यंत, दोन्ही भाग काथ्या आणि प्लास्टरने बाहेरून जोडा आणि आत नवीन पांढरं प्लास्टर ओतून फिरवत थर चढवा. दुसऱ्या दिवशी बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडी. पांढरा थर बिनधास्त उडवा, रंग दिसला की हात हलका करा, कारण त्याच्या खाली तुमचं काम आहे. हे घाईत करायचं नाही, एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

सेफ्टीचं गंभीरपणे घ्या. प्लास्टर सेट होताना गरम होतं, म्हणून हात किंवा पाय थेट प्लास्टरमध्ये बुडवून कास्ट घ्यायचा प्रयोग हॉस्टेलवर कधीही करू नका, भाजून बोटं जाऊ शकतात. कोरडं पीओपी हाताळताना मास्क. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइप कायमचा बंद होतो. पुढे फायबर (फायबरग्लासचं कास्टिंग) कराल तेव्हा रेझिन घट्ट करायला लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो, एक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं आणि मगच दुसरं. ग्लोव्हज घालून, उघड्यावर.

बघायला कुठे जायचं असं विचाराल तर अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय, एक दिवस काढून जाच. गावातली साधी माणसं, म्हैस, इतक्या मायेने केलेली आहेत, आणि सिमेंटसारख्या मटेरियलमधून काय निघू शकतं ते कळतं. शिल्पकार म्हात्र्यांच्या मंदिरपथगामिनी या शिल्पाबद्दल पण माहिती काढा, ते काम त्यांनी तरुणपणी 1896 च्या सुमारास प्लास्टरमध्ये केलं. घारापुरीला गेलात तर फोटो काढत फिरू नका, त्रिमूर्तीच्या समोर बसून ड्रॉइंग करा आणि उजेड आत कसा येतो ते बघा. आणि गणपतीच्या आधी पेणला किंवा तुमच्या गावच्या कारखान्यात काम मिळालं तर घ्या, पैसे मिळतातच पण तिथले कारागीर मातीला ज्या वेगाने आणि ज्या खात्रीने हात लावतात ते कॉलेजात बघायला मिळत नाही.

वर्षाच्या शेवटी स्पेशलायझेशन निवडताना जॉब कशात आहे हे घरचे विचारणार, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. अप्लाइडला कामं लवकर मिळतात हे खरंच आहे. स्कल्प्चरवाल्यांना पुतळ्यांची कामं, सिनेमाचे सेट, म्युझियमची मॉडेल्स, शिकवणं, असं काहीतरी असतं पण जम बसायला वेळ लागतो, मटेरियलला पैसे लागतात आणि जागा लागते, हे घरी आधीच स्पष्ट बोला. पेंटिंग घेतलंत तरी माती सोडू नका. स्कल्प्चरच्या सरांना विचारा, शनिवारी एखादा कोपरा आणि बादलीभर माती बहुतेक ठिकाणी मिळते, कापड आणि प्लास्टिक मात्र स्वतःचं न्या आणि निघताना स्टँड पुसून ठेवा, म्हणजे पुढच्या शनिवारी पण मिळेल.