राणीछाप असो की शिवराई: नकली नाणं काट्यावर आणि कडेवर पकडा

काही नाणी तपासायचीही गरज नसते. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन अन्ना’ आणि १८१८ साल: असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. पूजेच्या रामटंका वेगळ्या. त्या खऱ्या असतात, पण ते चलन नव्हे. नाणं ‘तांदूळ ओढतं’ म्हणून कुणी दाखवलं, तर तांदळाला लोखंडाची भुकटी चोळलेली असते.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. झिजलेला थोडा कमी भरेल; जास्त भरला तर हात आखडा. मात्र वजन जुळवणं नकलाकाराला जड नाही, म्हणून घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण पेल्याला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, झटकून पुन्हा मोजा. नाण्याचं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. अस्सल रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल, त्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरला (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी नाहीच) १.३ च्या पुढे.

दुर्मीळ १९३९ च्या रुपयालाही हीच परीक्षा. दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून तो ‘घडवतात’. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, त्यामुळे काटा १.२२ पर्यंत जातो. पण त्यासाठी १९३८ चा रुपया वापरला असेल तर घनता काहीच सांगणार नाही, कारण त्यात चांदी तितकीच. तिथे दहापट भिंगाखाली आकड्याभोवतीचे ओरखडे शोधा.

शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला वजनाचा भरवसा नाही, ती दीर्घकाळ अनेक टांकसाळींत पडली. ठसा सहसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, म्हणून ‘श्री राजा शिव’मधली काही अक्षरं कडेबाहेर जातात. सगळी अक्षरं गोलात नेमकी बसलेली, तीही कमी किमतीत? संशय घ्या. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, अक्षरांचे काठ बोथट असतात आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा दिसतात. रंग लावून आणलेलं जुनेपण ॲसिटोनच्या बोळ्यावर उतरतं. चिंच-लिंबाने मात्र घासू नका, खऱ्या नाण्याचंही मोल जातं.

फोटोवरून घेताना कडेचा फोटो मागा आणि त्याच विक्रेत्याची बाकीची नाणी चाळा. तोच ओरखडा त्याच जागी दोन नाण्यांवर दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातली.