जर्मन बोर्ड गेम खेळायला सुरुवात कोणत्या खेळानं करावी?
सांगलीत पावसाची झड लागली आणि घरातली मंडळी पत्त्यांना कंटाळली, की कार्कासोन हा जर्मन बोर्ड गेम काढा. २००० साली आलेला हा खेळ दोन ते पाच जणांचा. कुणी मध्येच बाद होत नाही, त्यामुळे आजीही शेवटपर्यंत डावात. कटान (१९९५) या दुसऱ्या जर्मन खेळाला निदान तिघं लागतात, शिवाय सौदेबाजीत नवखे बुजतात, तो नंतर.

नियमपुस्तिका मोठ्यानं वाचत बसू नका. पुठ्ठ्याचा तुकडा उचला, रस्त्याला रस्ता, शहराला शहर जुळवून लावा, वाटलं तर त्यावर प्यादं ठेवा. एवढं सांगून थेट सुरू करा. पहिल्या डावात शेतकऱ्यांचा, म्हणजे शेतात प्यादं ठेवण्याचा नियम मात्र गाळा. हळद-उसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण शेतांचे गुण डाव संपल्यावर मोजतात आणि नवख्यांचा गोंधळ नेमका तिथंच होतो.