प्रादेशिक संघटनांवरचं उत्तर लिहिताय? या चुका टाळा

‘राष्ट्रे प्रादेशिक संघटनांमध्ये का सामील होतात?’ या प्रश्नाला सांगलीतल्या अभ्यासिकांमधून ठरलेलं उत्तर निघतं: शांतता, मैत्री आणि विकास. आसियान (आग्नेय आशियाई देशांची संघटना) असो नाहीतर सार्क (दक्षिण आशियाई देशांची), नुसतं नाव बदलायचं. गुण इथेच जातात.

देश इतके भाबडे नसतात. 1951 मध्ये फ्रान्सने पश्चिम जर्मनीशी कोळसा आणि पोलादाचा करार केला, तो काही प्रेमापोटी नव्हे. ज्या पोलादाच्या तोफा होतात त्यावर सामाईक देखरेख हवी होती. जर्मनीला पुन्हा पंगतीत बसायचं होतं. 1967 मध्ये आसियान काढणाऱ्या पाच देशांना कम्युनिझमची धास्ती होती. तेव्हा आधी हे लिहा: कोणता देश, कधी, कशाच्या भीतीने किंवा आशेने.

‘सर्वांचा फायदा होतो’ हे वाक्य तर खोडूनच टाका. उदाहरणाला युरोपियन युनियनचं ब्रुसेल्स कशाला, तासगावचा बेदाणा घ्या. अफगाणिस्तान 2007 मध्ये सार्कचा आठवा सदस्य झाला. पुढे 2011 मध्ये भारताने साफ्टा या मुक्त व्यापार कराराखाली सार्कमधल्या अल्पविकसित देशांना दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू सोडून आयात शुल्क माफ केलं. म्हणजे काबूलकडचा बेदाणा विनाशुल्क येतो आणि त्याची झळ सौद्याच्या दिवशी आपल्या बागायतदाराला बसते. मग दिल्ली हे का सोसते? शेजारी आपल्याकडे झुकलेला राहावा म्हणून. उत्तरात या दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. हाच हिशेब न जुळल्याने 2019 मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. दूध उत्पादकांना वाटणारी भीती त्यात होतीच.

‘काश्मीर प्रश्न सोडवण्यासाठी सार्क’ हे कुठल्या नोट्समध्ये छापलंय देव जाणे. सार्कच्या सनदेत द्विपक्षीय वादांची चर्चाच वर्ज्य आहे आणि निर्णय एकमताने होतात. साखर कारखान्याच्या सभेत बहुमताने ठराव पास होतो. इथे एकाने नाही म्हटलं की बारगळला. 2014 च्या काठमांडू परिषदेत वाहन वाहतुकीचा करार पाकिस्तानमुळे अडला, तर पुढच्याच वर्षी भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी थिंफूत तो आपापसात उरकला.

किरकोळ घोटाळेही टाळा, बरोबर असं: सार्कची स्थापना ढाक्यात (1985), सचिवालय काठमांडूत, बिमस्टेकची (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना) स्थापना बँकॉकमध्ये (1997), सचिवालय ढाक्यात. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्व तिमोर आल्यापासून आसियानचे सदस्य 11 आहेत, जुन्या गाइडमध्ये 10 असले तरी.